ठासणीची बंदूक घरात आली. बार भरण्याआधी काय काय बघाल?

सोलापूर जिल्ह्यात ठासणीची बंदूक नव्याने हातात येते ती बहुधा दोन वाटांनी. आजोबा किंवा चुलते गेले आणि त्यांच्या परवान्यावरचं हत्यार वारसाने तुमच्या नावावर झालं, ही एक. सीनेच्या नाहीतर भीमेच्या काठाला ऊस आहे, रानडुकरं सऱ्याच्या सऱ्या आडव्या करतात, म्हणून पीकसंरक्षणासाठी परवाना मागितला आणि मिळाला, ही दुसरी. वाट कोणतीही असो, बंदूक ओसरीत टेकवली की थोड्याच वेळात कोणीतरी म्हणतंच, "एक बार काढून बघू की!"

काढू नका. काडतुसाची बंदूक मोडून उघडता येते, आत काय आहे ते दिसतं. ठासणीच्या बंदुकीची नळी मागून कायमची बंद. दारू, चिंधी, छर्रे सगळं तोंडातून आत जातं आणि गजाने ठासलं जातं. आत काय आहे, किती वर्षांपासून आहे, हे वरून बघून कोणालाच सांगता येत नाही. म्हणून हिची पहिली ओळख कागद, गज आणि बोटं यांनी करून घ्यायची. चापाची पाळी सगळ्यात शेवटी. खालचा क्रम मुद्दाम असा लावलाय की एक काम पुरं झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये.

कागद आधी, बंदूक नंतर

परवाना आणि बंदूक शेजारी शेजारी ठेवा. परवान्यावर बंदुकीचा प्रकार आद्याक्षरांत लिहिलेला असतो. एसबीएमएल म्हणजे एकनळी ठासणीची, डीबीएमएल म्हणजे दुनळी ठासणीची. बीएल (मागून भरायची, काडतुसाची) याच्या जागी चुकून एमएल किंवा उलट लिहिलेलं आढळतं, आणि अशी चूक नूतनीकरणाच्या वेळीच नेमकी डोकं वर काढते. बंदुकीवर कोरलेला नंबर, नळीची लांबी, प्रकार हे सगळं कागदाशी जुळतंय का ते बघा. जुन्या ठासणीच्या बंदुकांवर कारखान्याचा नंबर नसतोही. मग नोंदणीच्या वेळी ठोकलेला नंबर नळीवर किंवा चापाच्या कड्यावर सापडतो. गंज किंवा काजळीखाली तो दिसत नसेल तर खरवडू नका, तेलाच्या चिंधीने हलकेच पुसा. ओळखखूण पुसणं किंवा बदलणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि "साफ करताना गेला" हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

परवाना कोणाकडून, हा प्रश्न सोलापुरात नेहमी गोंधळ करतो. शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्त, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी. शेत मोहोळला आणि राहतं घर शहरात, अशी बरीच कुटुंबं आहेत. अर्जाआधीच गृह शाखेत विचारून घेतलं तर फेरे वाचतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाने आलेल्याही त्यातच धरून. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षांची झाली. परवान्यावर यूआयएन म्हणजे देशपातळीवरच्या नोंदीतला क्रमांक आहे का, तेही बघा. जुन्या पुस्तकी परवान्यांवर तो कधी कधी नसतो, आणि त्याशिवाय परवाना चालत नाही.

वडील वारले आणि परवाना त्यांच्याच नावावर असेल, तर बंदूक "आपलीच आहे की" म्हणून कपाटात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती जमा करायची, पावती घ्यायची आणि मग वारस म्हणून अर्ज करायचा. "भिंतीवरची शोभेची आहे, चालत नाही, तिला कसला परवाना" हे वाक्य तर गावोगाव ऐकू येतं. कायद्याने सूट आहे ती जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारांना, आणि तीही दुरुस्त करून वा न करता बंदूक म्हणून वापरताच येणार नाही अशांना. भिंतीवरच्या बहुतेक बंदुकांना एक निप्पल (बार पेटवणारी टोपी बसवायचं छोटं बोंड) बसवलं की त्या चालू होतात. त्यामुळे ही सूट आपली आपण ठरवून घेऊ नये.

"शिकारीची बंदूक" म्हणतात, म्हणून शिकारीला नाही

पूर्वीच्या पिढीने हिला शिकारीची बंदूक म्हटलं, आपणही म्हणतो. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनंतर शिकार हा विषय संपला. काळवीट, मोर, लांडगा, माळढोक ही सगळी पहिल्या अनुसूचीतली. त्यांच्यामागे बंदूक घेऊन धावणं, त्यांना हुसकावून मारण्याचा प्रयत्न करणं हेसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शिकारच. रानडुकराच्या बाबतीत उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. लेखी, आणि तीही त्या त्या ठिकाणापुरती. पीकसंरक्षणाचा शस्त्र परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. हे दोन वेगळ्या खात्यांचे दोन वेगळे कागद आहेत. माझ्या मते नुकसानीचा पंचनामा आणि भरपाईचा अर्ज हा बंदुकीपेक्षा जास्त खात्रीचा मार्ग आहे, पण तो कंटाळवाणा असल्यामुळे लोक बंदुकीकडे आधी वळतात.

उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांतल्या वाचकांनी इथे जरा थांबावं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. सुरुवातीला ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, पुढे हद्द कमी होऊन सुमारे १,२२२ वर आलं. अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाने आपलं नाव वन्यजीव विभागाकडे नोंदवायचं असतं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय देता येत नाही. आजोबांच्या काळात ही नोंद झाली असेलच असं धरून चालू नका. शिवाय बंदूक घेऊन अभयारण्यात पाऊल टाकायलाही लेखी परवानगी लागते. तुमच्या शेताची वाट माळावरून जात असेल तर हद्दीचे दगड नक्की कुठे आहेत ते वनरक्षकाला विचारून घ्या.

आत बार आहे का?

आता बंदूक हातात घ्या. हे काम अंगणात, मोकळ्या जागी, पोरंबाळं आत पाठवून करायचं. तोंड मातीच्या ढिगाकडे किंवा बांधाकडे. भिंतीकडे नाही, शेजाऱ्याच्या गोठ्याकडे तर नाहीच.

आधी निप्पल बघा. घोड्याखालच्या त्या छोट्या बोंडावर तांब्याची टोपी बसलेली आहे का? घोडा खाली टेकलेला असेल तर टोपी त्याच्याखाली दबलेली असू शकते. अंगठ्याने घोडा घट्ट धरून अर्ध्यावर चढवा, बोट चापापासून लांब ठेवा. टोपी दिसली तर ती लाकडाच्या काडीने अलगद ढकलून काढा. चिमट्याने दाबू नका, ती दाबावरच पेटते.

टोपी नाही म्हणजे बंदूक रिकामी, असं अजिबात नाही. आता गज. लाकडाचा सरळ दांडका सगळ्यात बरा, लोखंडी गज असेल तर तो ठोकायचा नाही. हात आणि तोंड नळीच्या समोर येऊ न देता, बाजूला उभं राहून गज हळूच आत सोडा, टेकेपर्यंत. नळीच्या तोंडाशी गजावर पेन्सिलीने खूण करा. गज बाहेर काढा आणि तीच खूण नळीच्या तोंडाशी जुळवून तो नळीच्या बाहेरच्या अंगाला लावून धरा. गजाचं टोक निप्पलच्या जवळपास, फार तर अंगठ्याच्या पेराएवढं अलीकडे आलं, तर नळी बहुधा रिकामी. दोन-तीन बोटं किंवा जास्त अलीकडे थांबलं, तर आत काहीतरी आहे. ते काहीतरी घुशीने भरलेलं कचऱ्याचं बूचही असेल, पण ते तसं आहे हे सिद्ध होईपर्यंत तो बारच समजायचा.

काळी दारू कोरडी राहिली तर पन्नास वर्षांनीही पेटते. "इतक्या वर्षांचं आहे, मेलं असेल" हा समज जीवावर बेतणारा आहे. पाणी ओतलं की झालं, हाही. भिजलेली दारू त्या वेळी पेटत नाही खरी, पण सोलापूरच्या एप्रिलमध्ये ती पुन्हा वाळायला वेळ लागत नाही. नळी तापवणं, आत सळई ठोकणं, ड्रिल लावणं, "उडवूनच रिकामी करू" म्हणणं, यातलं काहीही करायचं नाही. बंदूक मातीकडे तोंड करून कुलपात ठेवा आणि शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराला गाठा. तो निप्पल काढून, स्क्रूचं टोक असलेल्या गजाने चिंधी आणि छर्रे ओढून घेतो. त्याचं ते रोजचं काम आहे. बंदूक त्याच्याकडे न्यायला तुम्हाला वेळ नसेल तर दुसऱ्या माणसाबरोबर लेखी अधिकारपत्र देऊन पाठवता येते, पण ते पत्र आणि परवान्याची प्रत त्याच्या खिशात हवी. भरलेली बंदूक मात्र एसटीत घालून पाठवू नका, आधी फोन करून त्याला विचारा.

नळी रिकामी निघाली की त्या गजावरची खूण पुसू नका, बारीक खाच पाडून पक्की करा. ही तुमच्या बंदुकीची रिकामी खूण. यापुढे बंदूक हातात घेताना प्रत्येक वेळी गज टाकून हीच खूण बघायची.

कोणती बंदूक आहे ही?

आता निवांत बसून बघता येईल. पहिल्यांदा हातात घेतल्यावर जाणवतं ते वजन, आणि ते वजन पुढे असतं. लांब नळीमुळे डावा हात लवकर भरून येतो. खांद्याला लावून बघा, पण दस्ता आखूड वाटला तर नवल नको. जुन्या बंदुका वेगळ्याच बांध्याच्या माणसांसाठी घडवलेल्या असतात.

आग लावायची तऱ्हा बघितली की काळ कळतो. पेटती वात पकडणारा साप असेल तर तोड्याची. दगड धरणारा जबडा आणि शेजारी रंजकाचा, म्हणजे पेटवायच्या चिमूटभर दारूचा, प्याला असेल तर चकमकीची. पोकळ तोंडाचा घोडा आणि खाली बोंड असेल तर टोपीची. टोपीची युक्ती एकोणिसाव्या शतकातली: स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं आणि तांब्याच्या टोप्या १८२० च्या दशकात रुळल्या. आपल्याकडे परवान्यावर सापडणाऱ्या जवळपास सगळ्या टोपीच्याच. जुनी हत्यारं बघायची असतील तर अक्कलकोट संस्थानचं शस्त्रागार बघून या. स्वामींच्या दर्शनाला जाणं होतंच, त्यातला तासभर काढा.

घोड्याच्या बाजूच्या पट्टीवर मुकुट आणि इंग्रजीत 'टॉवर' असं कोरलेलं दिसलं की लोक हरखतात. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड (इंग्रज फौजेची बंदूक) असेल तर नळी ३९ इंच, तिला दस्त्याशी बांधणारी तीन कडी आणि वजन सव्वाचार किलोच्या आसपास असतं. पण टॉवरची नक्कल मारलेल्या बंदुका इथे ढिगाने बनल्या, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. नळीच्या मागच्या भागावरच्या चाचणीच्या खुणा जास्त बोलतात. लंबगोलात ईएलजी आणि तारा असेल तर नळी बेल्जियममधल्या लीएजची. त्यावर मुकुटही असेल तर ती १८९३ नंतर तपासलेली. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ पासूनचं, त्याच्या खुणांत मुकुटाखाली अक्षरं असतात. काहीच खूण नसेल तर गावठी घडणीची शक्यता धरा आणि बार काढायच्या बाबतीत दुप्पट सावध राहा.

यातच एक कामाची गोष्ट. तोंडाशी करंगळी घालून आतून फिरवा. गुळगुळीत लागलं तर साधी नळी. पिळाच्या चऱ्या बोटाला लागल्या तर ती रायफल, आणि मग परवान्यावर तसं लिहिलेलं आहे का ते पुन्हा बघावं लागतं. शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक वेगळी नमूद आहे. तिने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी देता येते, पण तीही साध्या नळीचीच. चऱ्यांची नळी निघाली तर गप्प बसू नका, लेखी कळवा. गंमत म्हणजे एन्फील्ड मुळात चऱ्यांची, पण १८५७ नंतर इंग्रजांनी देशी शिपायांच्या हाती साध्या नळीच्या दिल्या, म्हणजे दिसायला तीच आणि नेम निम्माही नाही.

बोअर म्हणजे काय हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. एक पौंड शिसं घेऊन त्याच्या त्या नळीत नेमक्या मावतील अशा सारख्या गोळ्या केल्या आणि त्या बारा झाल्या, तर बारा बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद होते: बारा बोअर साधारण १८.५ मिलिमीटर, सोळा १६.८, वीस १५.६. गावठी नळ्या या आकड्यांत नेमक्या बसत नाहीत; कारागिराकडून मोजून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

नळी: बाहेरून सावली, आतून कॅमेरा

ट्यूबलाइटखाली नळी आडवी धरा आणि प्रकाशाची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. रेघ सरळ धावली तर उत्तम. कुठे ती तुटली, वाकली किंवा पोटाशी आली, तिथे फुगा आहे. फुगा म्हणजे कधीतरी दारू आणि गोळीमध्ये पोकळी राहिली किंवा तोंडात माती असताना बार काढला. फुगलेली नळी दुरुस्त होत नाही, तिला भिंत दाखवायची. फुग्याचा भाग कापून टाकू असं कोणी सुचवलं तर थांबवा. परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

नळीत डोळा घालून बघायची सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घेऊ नका. मोबाइलचा दिवा लावून कॅमेरा तोंडासमोर धरा आणि व्हिडिओ घ्या. लालसर भुकटी म्हणजे वरवरचा गंज, तो निघतो. काळे खड्डे, विशेषतः तळाशी, म्हणजे जुन्या दारूच्या राखेने लोखंड खाल्लंय. मग तेल लावलेली चिंधी गजाच्या टोकाला घट्ट बांधून सावकाश आत-बाहेर करा आणि हाताला काय लागतं ते बघा. खरखर चालेल. पण मध्येच गज एकदम सैल पडून पुन्हा अडकला तर डोळ्याला न दिसलेला फुगा तिथे आहे.

बाहेरचा तपकिरी रंग म्हणजे गंज नव्हे. जुन्या नळ्या मुद्दाम ब्राऊन करत, आणि तो थर लोखंडाला सांभाळतो. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेली जुनी बंदूक बघितली की वाईट वाटतं. मोलही गेलं, खुणाही गेल्या आणि पुढच्या पावसात गंज दुप्पट. नळीच्या मागचं स्क्रूचं बूच उघडायच्या भानगडीत पडू नका, ते पकडीने उघडण्यासारखं नसतं.

घोडा, चाप, निप्पल

घोड्याला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर, म्हणजे अर्ध्यावर, चाप ओढला तरी घोडा पडता कामा नये. नळी रिकामी आहे हे पुन्हा गज टाकून बघा, निप्पलवर चामड्याचा तुकडा ठेवा, अंगठ्याने घोडा धरून अर्ध्यावर आणा आणि चाप दाबून पाहा. घोडा सुटला किंवा कुरकुरत सरकला, तर आतली खाच झिजली आहे. अशी बंदूक कारागिराकडून येईपर्यंत भरायची नाही, मग डुकरं कितीही नाचोत. पूर्ण चढवल्यावर दस्त्याला तळहाताने थापटी मारा. घोडा तेव्हाही हलायला नको. आणि रिकाम्या निप्पलवर घोडा पाडत बसायचं नाही. पोरांना तो आवाज आवडतो, निप्पलचं तोंड मात्र चेपतं.

निप्पल स्वस्त आहे आणि तिथूनच सगळी आग आत जाते, त्यामुळे जुनं दिसलं की बदलून घ्या. तोंड पसरलेलं असेल तर टोपी बसत नाही. भोक मोठं झालं असेल तर उलटा झोत घोड्याला वर फेकतो आणि टोपीचे तुकडे चेहऱ्याकडे येतात. ते काढायला त्याचा स्वतःचा पाना लागतो. साध्या पकडीने काढाल तर आटे घेऊन बाहेर येईल.

लाकूड आणि तेल

दस्ता बहुधा शिसवाचा किंवा अक्रोडाचा. मनगटाशी, म्हणजे जिथे हात धरतो तिथे, चीर आहे का ते बघा. दोन्ही हातांनी हलकेच पिळा आणि चीर उघडते का ते ऐका. सोलापूरच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, स्क्रू सैल होतात. पत्र्याच्या खोलीतल्या ट्रंकेत ठेवलेल्या बंदुकीचा दस्ता मे महिन्यात हमखास तडकतो.

आपल्याकडे घरात करडईचं तेल असतं, आणि तेच बंदुकीला चोळलेलं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. करडईचं तेल हवेवर सुकून चिकट थर धरतं. घोड्याच्या यंत्रात ते गेलं की काही महिन्यांत सगळं गोंदासारखं होतं. लोखंडाला खनिज तेल हवं. शिलाई मशीनचं चालतं, यंत्रमागवाल्यांकडचं पातळ स्पिंडल ऑइलही उत्तम. लाकडाला मात्र सुकणारंच तेल हवं, आणि ते जवसाचं. तळहाताने पातळ थर चोळा, उरलेलं पुसा, दिवसभर जाऊ द्या, पुन्हा चोळा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात आणि पेटू शकतात; पाण्यात बुडवा किंवा उन्हात पसरून वाळवा.

धुणं

हे अनेकांना पटत नाही, पण काळ्या दारूची नळी पाण्यानेच धुतात. तिची राख क्षारांची असते, हवेतला ओलावा ओढते आणि पाण्यात विरघळते. तेलाने ती नुसती झाकली जाते. निप्पल काढा, नळीचा तळ बादलीत टेकवा, कडकडीत पाण्यात भिजवलेली चिंधी गजाला लावून वरून पंपासारखी ओढा. पाणी काळं येईल, मग राखाडी, मग स्वच्छ. बोअरवेलचं खारं पाणी शेवटच्या धुण्याला नको, पिण्याचं वापरा. शहरात असाल तर नळाला पाणी यायचा दिवस बघून हे काम काढा. गरम पाण्याने नळी तापते आणि लवकर सुकते, तेवढ्यात कोरड्या चिंध्या फिरवून लगेच तेल. चिंध्यांसाठी जुनी सुती चादर फाडा. टॉवेलचे धागे आत अडकतात आणि पुढच्या बाराला धुमसत राहतात.

पहिला बार

कारागिराने तपासून, शक्यतो दूरवरून दोरीने चाप ओढून एक-दोन बार काढून दिल्याशिवाय खांद्याला लावू नका. दारूचं माप त्याच्याकडूनच घ्या, शेजारच्या काकांकडून नाही. फक्त काळी दारू, परवानाधारक विक्रेत्याकडची, परवान्यात लिहिलेल्या प्रमाणात. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू या नळीत कधीही जाता कामा नये. तिचा दाब या लोखंडाला सोसत नाही आणि नळी हातात फुटते. घरी दारू बनवणं हा तर गुन्हाही आहे आणि वेडेपणाही.

भरण्याआधी निप्पलमधलं तेल साफ झालंय का हे बघायची जुनी युक्ती अशी: रिकाम्या नळीचं तोंड जमिनीवरच्या वाळक्या पानाजवळ धरून नुसती टोपी उडवायची. पान हललं तर वाट मोकळी. नळीत दारू ओतताना ती मापाने ओतायची, दारू साठवायच्या शिंगातून थेट कधीच नाही. आत एखादी ठिणगी शिल्लक असेल तर अख्खं शिंग हातात पेटतं. चिंधी आणि छर्रे दारूवर घट्ट टेकले पाहिजेत, मध्ये पोकळी नको. गजावर आता दुसरी खाच पाडा, भरलेल्या बाराची. टोपी सगळ्यात शेवटी, तोंड लक्ष्याकडे असताना. आणि बार काढण्याआधी गज बाहेर आलाय ना, हे मोठ्याने म्हणा. गज आत राहून बाराबरोबर उडाल्याचे किस्से म्हाताऱ्यांकडे भरपूर असतात.

बार झाला की काडतुसासारखा फटका बसत नाही, लांब ढकल बसते. पांढरा धूर समोर भिंतीसारखा उभा राहतो आणि काय लागलं ते दिसतच नाही. कधी टोपी फुटते आणि बार होत नाही. तेव्हा तोंड तसंच समोर धरून निदान एक मिनिट थांबायचं. आत धुमसत असलेली दारू उशिरा पेटते, आणि नेमकं त्या वेळी माणूस बंदूक वळवून बघत असतो. नंतर हात साबणाने धुवा, शिसं पोटात जाऊ देऊ नका.

वरातीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांत, पोराच्या बारशाला बार काढायचा मोह होतो. जीव धोक्यात घालणाऱ्या अशा आनंदाच्या बाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सिद्धेश्वराच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम बघा, तेवढं पुरे.

ठेवणं आणि जमा करणं

बंदूक कुलपात, दारू वेगळ्या कुलपात, टोप्या तिसरीकडे. चुलीपासून, देवघरातल्या समईपासून लांब. चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका, चामडं ओल धरतं. सुती खोळ बरी, आणि उभी ठेवताना तोंड खाली, म्हणजे तेल ओघळून दस्त्यात मुरत नाही. इथे पाऊस एरवी बेताचा, पण सप्टेंबरमध्ये जोर धरतो. त्या महिन्यात आठवड्याला एकदा बाहेर काढून पुसा. परवाना तुमच्या नावाचा आहे, भावाचा नाही. तुम्ही पुण्याला असताना त्याने ती शेतावर नेली तर दोघंही अडचणीत.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातून बंदूक जमा करण्याचा निरोप येऊ शकतो. नेण्याआधी नळी धुऊन जाड ग्रीस लावा, कारण मुद्देमालाच्या खोलीत ती महिनाभर कोणी पुसणार नाही. सर्व बाजूंनी फोटो काढा. पावतीवर नंबर, प्रकार आणि "गजासह" हा शब्द लिहून घ्या. परत आणताना गज हमखास राहतो आणि जुन्या नळीच्या मापाचा दुसरा बाजारात मिळत नाही.